भिंतीऐवजी वाफ

शिक्षकाचा घसा हा शिक्षणाचा पाया असतो, आणि पाया दुरुस्त करताना इमारतीला हात लावण्याचं काहीच कारण नसतं.

गणिताच्या बाईंचा घसा दोन वर्षं धरलेला होता. एका हॉलमध्ये दोन वर्ग, मधे पुस्तकांचं कपाट, पलीकडे भूगोलाचे सर. सरांच्या नद्या बाईंच्या अपूर्णांकांत शिरत. बाई आवाज चढवत. मग सर चढवत. आवाज गेला तर नोकरी गेली, ही धास्ती बाईंना रात्रंदिवस पोखरत होती. म्हणून त्यांनी भिंत मागितली.

शाळेच्या समितीने त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टर म्हणाले, घसा ओलसर ठेवणाऱ्या हायलुरॉनिक ॲसिडची वाफ घ्या आणि ओरडणं बंद करा. यातली विकत मिळणारी गोष्ट समितीने तत्काळ मंजूर केली. (दुसरी उपसमितीकडे अभ्यासाला गेली. उपसमितीच्या खोलीला चारही भिंती आहेत, त्यामुळे अभ्यास शांतपणे चालू आहे.)

"अहो, आमची मंडळी हेच चेहऱ्याला लावते," अध्यक्ष कौतुकाने म्हणाले. "दहा वर्षांनी लहान दिसते! तुमचा तर नुसता घसा आहे, बाई."

बाई मधल्या सुट्टीत वाफेचा मास्क लावून बसू लागल्या. गुण आला, हे मान्य केलंच पाहिजे. घशातली टोचरी कोरड गेली, आवाज खणखणीत झाला. इतका, की सरांना स्वतःचंच ऐकू येईना. त्यांनी जोर लावला आणि त्यांचा घसा बसला. त्यांनाही वाफ सुरू झाली. सर सुधारले, तसा बाईंचा घसा पुन्हा बसला. अहवालात नोंद झाली: उपचारास प्रतिसाद शंभर टक्के, दोन्ही बाजूंनी. पुढे उत्तरं ओरडून देणारी मुलंही घोगरी झाली, तेव्हा समितीने दूरदृष्टी दाखवून भिंतीची तरतूद वाफेकडे वळवली.

हे जाहीर झालं पालकसभेत. बाई ताडकन उठल्या. "भिंत..." एवढंच फुटलं; पुढे नुसती हवा. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सर शेजारीच होते, पण मास्कमध्ये.

"बाईंना भरून आलंय," अध्यक्ष म्हणाले. "आणखी कुणाला काही बोलायचंय?"

बाई आशेने एकेका पालकाकडे बघत राहिल्या. सगळ्यांचे घसे ठणठणीत होते. (तिसऱ्या रांगेत तुमचाही होता.) पण घरी जायची घाई होती, म्हणून तुम्ही टाळ्या वाजवल्यात. टाळ्यांना घसा लागत नाही.