गल्लीचा निकाल

“शिंद्यांची सुमन परत नापास!”

रफीकभाईंनी खिडकीतून ही आरोळी ठोकली, तेव्हा शिंद्यांकडे सुमनला बघायला शिवऱ्याचे पाहुणे बसले होते. सुमनची आई पदर खोचून रस्ता ओलांडून आली.

“रफीकभाई, पोरगी फर्स्ट क्लास हाय माजी!”

“वहिनी, ती सुमन न्हाई. ही कॉम्प्युटरातली.”

पाहुण्यांची समजूत घालायला मला पाठवलं. माझं स्टेशनरीचं दुकान रफीकभाईंच्या कॉम्प्युटर क्लासच्या बरोबर खाली, त्यामुळे अख्खं भोर मला जाणकार समजतं. प्रत्यक्षात माउस हातात घेतला की मला घाम फुटतो.

प्रकार असा होता. उत्रोलीच्या भातगिरणीसाठी रफीकभाईंनी एक प्रोग्रॅम लिहिला होता. कोणाचा भात आला, नंबर कधी लागणार, तांदूळ नेला की नाही, सगळं त्यात. तो चालायचा गिरणीतल्या जुन्या मशीनवर, लिनक्स नावाच्या सिस्टिमवर. पण गिरणीवाल्या मारुतरावांच्या जावयाने विंडोजचं नवं मशीन आणलं आणि आता सुगीच्या आत प्रोग्रॅम त्याच्यावर चढवायचा होता. नाही जमलं तर मारुतराव पुण्याच्या कंपनीकडे जाणार.

प्रोग्रॅम नीट चालतो का हे बघायला रफीकभाईंनी छोट्या छोट्या टेस्ट लिहिलेल्या. प्रत्येकीत एक खोटं गिऱ्हाईक भात घेऊन येई आणि त्याच्या नावाची एक फाईल तयार होई. आणि या गिऱ्हाइकांना त्यांनी नावं दिली होती आमच्या गल्लीतली!

जुन्या मशीनवर सगळी गल्ली पास होती. विंडोजवर धडाधड आडवी झाली. सुमनच्या फाईलच्या नावात वेळ होती आणि वेळ लिहिताना मध्ये देतात ती दोन टिंबं विंडोजला नावात चालत नव्हती. म्हणून बिचारी नापास.

“तुमी मातर पहिल्या फटक्यात पास, भाऊ!” रफीकभाई मला म्हणाले. मी घरी जाऊन सांगितलंसुद्धा. मग कळलं, माझ्या टेस्टमध्ये मी पावती घरी विसरून गिरणीवर जातो आणि प्रोग्रॅमने मला रिकाम्या हाताने हाकलायचं असतं. त्याने हाकललं, म्हणून मी पास.

“मशीन हट्टी नसतं, मानूस घाई करतो,” असं पुटपुटत त्यांनी एकेकाला सोडवलं. शेवटी एकच टेस्ट उरली. सलमा.

सलमाभाभी म्हणजे रफीकभाईंची बायको. जाऊन बरीच वर्षं झाली. टेस्टमध्ये ती येई, तांदूळ घेई, आणि मग तिची फाईल पुसली जायला हवी. विंडोज काही ती पुसेना.

मारुतराव स्वतः आले. “एकच ऱ्हायलीय न्हवं? मग ती टेस्टच काढून टाका की! तिच्यानं काय तांदळात खडं पडत्यात व्हय?”

“ती न्हाई काढायची.”

“मग पुण्याला फोन लावू का?”

“लावा.”

माझा चहा नाकात गेला. मारुतरावांनी माझ्याकडे पाहिलं, मी पंख्याकडे. “सोमवारपातुर बघतो,” म्हणत ते जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी रफीकभाईंनी मला हाक मारली. आवाज एवढा हळू, की आधी वाटलं दुसऱ्याच कुणाला तरी मारली.

“घावलं, भाऊ. जुन्या मशीनवर फाईल उघडी असली तरी पुसता यायची. हितं न्हाई. आदी बंद करावी लागती. म्या ती कुटंच बंद केली न्हवती.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “टेस्ट काढली असती तर कळलंच नसतं. सगळ्या गिऱ्हाइकांच्या फायली गिरणीत तशाच तुंबल्या असत्या.”

त्यांनी एक ओळ घातली, बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली. सलमा आली. नंबर लागला. तांदूळ घेतला. गेली. पास.

आता आरोळी येणार म्हणून मी कानावर हात ठेवले. आरोळी आली नाही. त्यांनी पुन्हा बटण दाबलं. मग आणखी एकदा.

“अहो, पास झाली की! आता कशाला?”

“व्हय, झाली,” पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले. “पन परत येती का, बगतो.”