शटर, स्प्रिंगा आणि साडूभाऊ

भूगोलाच्या मास्तरांची गाडी अठरा वर्षांची होती आणि तिच्यावरून घरात दोन पक्ष पडले होते. मास्तरांच्या मते ती अजून दहा वर्षं आरामात चालली असती. बायकोच्या मते ती आत्तासुद्धा चालत नव्हती, नुसती रखडत होती. बायको घरी शिवणकाम करायची. तिची दोन मशीनं बैठकीच्या खोलीत होती, त्यामुळे आलेला पाहुणा आधी सोफ्यावरच्या टाचण्या शोधायचा आणि मग बसायचा. गाडी झोपायची त्या शेडवर तिचा फार दिवसांपासून डोळा होता.

शेवटी तह झाला. मंगळवारी दुपारी चार वाजता गाडीची सरकारी तपासणी होती. पास झाली तर गाडी राहणार, नापास झाली किंवा पोचलीच नाही तर बुधवारी भंगारवाला येणार. भंगारवाल्याचा नंबर बायकोने आधीच फ्रिजवर चिकटवून ठेवला होता, दुधवाल्याच्या नंबराच्या वर.

गाडीला दुखणं होतं हे मास्तरांनाही मान्य होतं. वळताना पुढून ‘खण्’ असा आवाज यायचा आणि गतिरोधक आला की ती पोट घासत, कण्हत पलीकडे जायची. या दुखण्याचं निदान मास्तरांकडे तीन महिन्यांपासून तयार होतं, आणि ते म्हणजे साडूभाऊ.

साडूभाऊ म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते वजनमाप खात्यात निरीक्षक होते. गावातल्या झाडून सगळ्या दुकानांचे काटे त्यांनी तपासले होते, पण स्वतः एकाही काट्यावर कधी उभे राहिले नव्हते. तीन महिन्यांपूर्वी ते मास्तरांच्या शेजारच्या सीटवर बसले आणि त्याच क्षणी खालून पहिला ‘खण्’ आला. मास्तर दोन्ही घरची माणसं ऐकत असताना म्हणाले की गाडी पाच माणसांची आहे आणि आता भरली. साडूभाऊ शांतपणे उतरले, चालत घरी गेले आणि त्यांनी बोलणं टाकलं. दोघी बहिणी चोरून फोनवर बोलत राहिल्या.

या निदानात एकच गोष्ट बसत नव्हती. त्याआधी वर्षभर गाडी उजवीकडे कललेली असायची, आणि साडूभाऊ बसून उठल्यावर ती चक्क सरळ झाली होती. मास्तरांनी त्यातून एवढाच अर्थ काढला की जुनी यंत्रं स्वतःला सावरून घेतात. तसं त्यांनी वर्गातही सांगितलं होतं.

मंगळवारी सकाळी मिस्त्री आला. गाडी जॅकवर चढवून त्याने डावं चाक काढलं आणि आत बॅटरी मारली.

“मास्तर, स्प्रिंग तुटलीय. खालचा वेढाच गेलाय.”

“साडूभाऊ,” मास्तर समाधानाने म्हणाले.

“काय?”

“काही नाही. चालू द्या तुमचं.”

मिस्त्री उजवीकडे गेला. “हीपण तुटलीय.”

मास्तर जरा गोंधळले. साडूभाऊ मोठे असले तरी दोन्ही सीटवर बसले नव्हते.

“आणि ही आधी तुटलीय,” मिस्त्री म्हणाला. “गंज बघा केवढा चढलाय. वर्ष तरी झालं असेल. पहिली तुटली तेव्हा गाडी इकडे कलली, दुसरी तुटल्यावर सरळ झाली. या बाजूला कोण बसतं?”

त्या बाजूला स्टिअरिंग होतं. मास्तर चहा सांगायला आत गेले.

परत येऊन त्यांनी मिस्त्रीला दोन गोष्टी सांगितल्या. गाडी आजच दुरुस्त झाली पाहिजे, आणि कुठली स्प्रिंग आधी तुटली हे या शेडच्या बाहेर जाता कामा नये. मिस्त्री म्हणाला की या शेडच्या बाहेर गाडीही जाता कामा नये, कारण तुटलेलं टोक टायरपासून अंगठाभर अंतरावर आहे, रस्त्यात घुसलं तर संपलं. म्हणून काम शेडमध्येच करायचं ठरलं. नव्या स्प्रिंगा शिकंज्यात दाबून बसवाव्या लागतात, आणि त्या वेळी समोर उभं राहू नये, सुटली तर तोंडावर येते, असं मिस्त्रीने बजावलं. मास्तर समोरून बाजूला झाले आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन थांबले. तिथे बायको गळ्यात टेप अडकवून कसलंसं मोठं करडं कापड हाताने शिवत होती.

साडेबाराला काम झालं. मिस्त्रीने जॅक सोडला तशी गाडी खाली आली, पण नेहमीच्या ठिकाणी न पोचता चार बोटं वरच थांबली आणि नाक वर करून उभी राहिली. मास्तरांचा ऊर भरून आला. बायकोनेही दारातून पाहिलं, छान झालं म्हणाली आणि पुन्हा शिवायला बसली.

मास्तरांनी रिव्हर्स टाकला. गाडी ऐटीत मागे निघाली, निम्मी शेडबाहेर आली, आणि टपावर ‘खट्’ झालं.

शेडला गेल्याच महिन्यात नवं शटर बसवलं होतं. बायकोनेच हट्ट धरला होता. शटरवाल्याला माप देतानाही टेपचं टोक तिनेच धरलं होतं, गाडीच्या टपावरच्या कॅरिअरपासून बरोब्बर दोन बोटं वर. पण ती बोटं बसलेल्या गाडीवरून मोजलेली होती. आता गाडी उठली होती आणि कॅरिअर शटर गुंडाळलं जातं त्या पेटीत अडकलं होतं. गाडी निम्मी आत, निम्मी बाहेर. शटरही लागेना.

मिस्त्रीने कॅरिअरचे बोल्ट खोलायला घेतले. बोल्ट अठरा वर्षांचे होते, त्यांनी पान्याचेच दात पाडले. मग त्याने पुढच्या चाकांतली थोडी हवा काढली. एक बोट मिळालं. याहून जास्त काढली तर रिम जमिनीला लागेल म्हणाला. अजून एक बोट कमी पडत होतं आणि दीड वाजला होता. पुढे वजन ठेवायला हवं, असं मिस्त्री म्हणताच मास्तरांनी घरातले सगळे नकाशासंग्रह आणि दोन पृथ्वीगोल आणून सीटवर रचले. पृथ्वी आतून पोकळ निघाली.

“असं नाही व्हायचं,” मिस्त्री म्हणाला. “चालवायला तुम्ही आणि शेजारी शंभराच्या वरचा माणूस. एकच, पण भरीव.”

मास्तर चोपन्न किलोचे होते आणि मिस्त्री त्यांच्याहून बारीक. दोघांनी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं.

“माझ्याकडे बघू नका,” आतून आवाज आला. “भाऊजींना फोन करा.”

मास्तरांनी शेडला तीन फेऱ्या मारल्या. मग फोन केला.

“साडूभाऊ, मी बोलतोय.”

“कोण मी?”

“मास्तर. जरा काम होतं. गाडीत बसायचं होतं.”

“गाडी भरली होती ना?”

“चुकलो मी.”

“तोंडी नको,” साडूभाऊ म्हणाले. “लेखी.”

अडीचला ते आले. मजकूर त्यांनी ऑफिसातूनच तयार करून आणला होता: सदर स्प्रिंग ही साडूंच्या वजनाने तुटलेली नाही. खाली मास्तरांची सही आणि तज्ज्ञाची सही अशा दोन रेघा होत्या. मास्तरांनी मुकाट सही केली. मिस्त्री सही करायला वाकला आणि थांबला. तो मनाने सरळ माणूस होता. खोट्या कागदाप्रमाणेच अर्धवट कागदावरही सही करणं त्याच्या जिवावर आलं.

“सदर स्प्रिंग कुठली? डावी का उजवी?” त्याने विचारलं. “उजवी तर वर्षापूर्वीच तुटलीय. मास्तरांच्या खाली.”

साडूभाऊंनी कागद परत घेतला, खिशातून पेन काढलं आणि ‘सदर’च्या जागी ‘दोन्ही’ केलं. मग खाली एक ओळ वाढवली की पहिली स्प्रिंग मास्तरांच्या चोपन्न किलोंखाली तुटली. मास्तरांनी त्यावरही सही केली. तीन वाजायला आले होते.

मग साडूभाऊंनी दार उघडलं आणि ते बसले. घाईने नाही, खात्याची जीप असावी तसे. नव्या स्प्रिंगा एकदा दबल्या आणि आवाज न करता थांबल्या. मिस्त्रीने कॅरिअर आणि पेटी यांच्यामध्ये बोट घालून पाहिलं. बोट गेलं.

“श्वास सोडू नका,” तो म्हणाला.

“मी सोडला तर वजन कमी होत नाही,” साडूभाऊ म्हणाले, आणि गाडी बाहेर आली.

मिस्त्रीने पायपंपाने चाकं भरली, पण साडूभाऊ उतरले नाहीत. तपासणीच्या जागी अधिकाऱ्याने बॉनेट दोन्ही हातांनी दाबून पाहिलं आणि पुढची बाजू नव्यासारखी आहे म्हणाला. त्यानंतर गाडी वजनकाट्यावर घ्यायची होती. तेवढ्यापुरते मात्र साडूभाऊ उतरले आणि काटा बरोबर आहे का ते लांबूनच पाहत राहिले. गाडी पास झाली. येताना दोघं जुन्या गोष्टी काढून हसले, आणि साडूभाऊ आपल्या दाराशी उतरले. ते उतरताच गाडी एक बोट वर आली.

मास्तर प्रमाणपत्र हातात घेऊनच घरी पोचले. शेडमध्ये दिवा लागला होता. आत दोन्ही मशीनं मांडलेली होती, मधे कापायचं टेबल होतं, आणि बायको सुईत दोरा ओवत होती.

“पास?” तिने विचारलं.

“पास. पण हे काय? आपलं ठरलं होतं, गाडी राहणार.”

“राहू दे की. मी कुठे नाही म्हणते? आत घ्यायची तर घ्या, मी मशीनं हलवते. भाऊजी आहेत ना बरोबर?”

मास्तरांनी मागे वळून रिकाम्या सीटकडे पाहिलं.

“बाहेर ठेवली तर धूळ बसेल,” ते म्हणाले. त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं.

बायकोने टेबलाखालून करड्या कापडाची मोठी घडी काढून त्यांच्या हातात दिली. गाडीचं कव्हर होतं, आतून अस्तर लावलेलं, कडेला दुहेरी शिवण. मास्तरांनी ते बाहेर नेऊन घातलं. कॅरिअरच्या जागी कॅरिअर बसलं, आरशांच्या जागी आरसे. उठलेल्या नाकावरही ते कुठे ताणलं नाही की कुठे लोंबलं नाही.

मास्तर परत दारात आले. “हे कधी शिवलंस?”

“आज नुसतं अस्तर लावलं. कापून तर परवाच झालं होतं.”

“परवा तर स्प्रिंगा तुटलेल्या होत्या.”

“नव्या स्प्रिंगांवर किती उठेल ते मिस्त्रींना विचारलं होतं महिन्यापूर्वी,” दोऱ्याला गाठ मारत बायको म्हणाली, “शटर बसवायच्या आधी. पुढून चार बोटं वाढवली.”

मास्तर बाहेर जाऊन पुन्हा गाडीपाशी वाकले. कव्हरची कड चारी बाजूंनी सारखी होती, जमिनीपासून बरोब्बर दोन बोटं वर.