सासरेबुवांच्या होडीची दुरुस्ती

सासरेबुवांच्या होडीला भोक पडलं, तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "कारागिराकडे कशाला नेता? रेझिनमधलं माझ्याइतकं कळणारा माणूस अख्ख्या ऑलबोर्गमध्ये सापडायचा नाही!"

यात खोटं काही नव्हतं. पवनचक्कीचं पातं म्हणजे काचेचे धागे आणि त्यांना धरून बसलेलं रेझिन, आणि होडीही त्याचीच. एकदा कडक झालं की ते वितळत नाही, म्हणून जुनी पाती जमिनीत पुरायचे. आमच्या कारखान्यात आम्ही ती गरम द्रावणात शिजवतो. रेझिन सुटतं, धागे मोकळे! आता, जोडायचं काम आम्ही कधीच केलं नव्हतं. पण हे सासऱ्यांपुढे कोण बोलणार?

"जपा हं जावईबुवा," एयनार म्हणाले. "पोरगी दिली तेव्हासुद्धा मी एवढा विचार केला नव्हता."

होडी मी कारखान्याच्या आवारात नेऊन ठेवली, कुणाला काही बोललो नाही, आणि रोजच्या कामाला लागलो. कोपनहेगनहून पैसे लावणारे पाहुणे यायचे होते. प्रयोग पटला तर मोठी टाकी, नाही तर दाराला कुलूप! आणि ते येणार नेमका त्याच सकाळी पात्याचे तुकडे आणणारा ट्रक वाटेत बंद पडला.

"आता रे?" मी पालेला विचारलं. पाले आमची टाकी सांभाळतो.

"आवारात भंगार पडलंय की. तेच कापून टाकतो."

"टाक बाबा, काहीही टाक!"

काहीही! माझ्याच तोंडचा शब्द!

पाहुण्यांना मी बोलण्यात आणि जेवणात गुंतवलं. दुपारी झाकण उघडलं. धागे कसे, तर नुकत्याच न्हालेल्या आजीबाईंच्या केसांसारखे पांढरेशुभ्र! टाळ्याच टाळ्या!

"पात्याचा कुठला भाग हा?" एका बाईंनी विचारलं.

"पातं नाहीच!" पाले फुशारून म्हणाला. "होडी होती, भोक पडलेली. ही पाटी निघेना, तशीच टाकली."

त्याने ढिगातून पितळी पाटी उचलली. 'गुद्रुन'. माझ्या सासूबाईंचं नाव.

"तुम्हाला बरं वाटत नाही का?" बाईंनी मला विचारलं.

"आनंदाने," मी भिंत धरत म्हणालो. "आनंदाने होतं असं."

संध्याकाळी धाग्यांची गोणी घेऊन सासुरवाडीला गेलो. एयनारनी आत हात घातला.

"ही?"

"हीच."

"सगळी?"

"रेझिन वेगळं, डब्यात आहे."

ते उठून बागेत गेले. मागोमाग मीही गेलो. "नवी घेऊन देतो," म्हणालो.

"तुमच्या बायकोने पहिला मासा धरला तो तिच्यात बसून," ते पाठमोरेच म्हणाले.

इतक्यात सासूबाईंनी स्वयंपाकघरात बोलावलं. दार लोटलं आणि दालचिनीचा सगळ्यात मोठा रोल माझ्या ताटलीत ठेवला!

"दर रविवारी त्या होडीत मला उलट्या व्हायच्या," त्या कुजबुजल्या. "पण नावच माझं दिलेलं, बोलणार काय?" मग खिडकीतून नवऱ्याकडे एक नजर टाकून त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "जावईबुवा, गाडीमागे ओढत नेतो ती आपली सुट्टीतली कॅराव्हॅन... तीही त्याच रेझिनची ना हो?"

मी घास गिळला आणि खरं ते सांगितलं. "बहुतेक."