सुलभ, जिन्याच्या डावीकडे

माझा अर्ज भरून दिला तो कोरगावच्या सुलभाबायने. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणालाही वाटेल की ही बाई नुसत्या शिव्याच देते.

देतेच. माणसांना थोड्या, वेबसाइटना जास्त. जन्मापासून आंधळी. डिचोलीला एका खाणीच्या ऑफिसात टेलिफोनवर बसायची. खाण बंद पडली, ती घरी आली. आता सकाळपासून सोप्यावर बसून मोबाइल कानाशी धरते. पडद्यावर जे असेल ते मोबाइल तिला वाचून दाखवतो, आणि तिचं डोकं तापतं. बनवणाऱ्याने बटणाला नाव दिलं नसेल तर तो आवाज नुसता ‘बटण, बटण’ करत राहतो. ‘बिननावाचं बटण’ ही तिची सगळ्यात मोठी शिवी. वॉर्डाचा पंच, वायरमन, चतुर्थीला मुंबईहून येणारा भाचा, सगळे बिननावाची बटणं. “दाबलं तर काय होतलं, देवाक खबर.”

कौतुक ती फक्त पदेराचं करते. तो सायकलीचा भोंगा वाजवत पाव घेऊन येतो. त्याने कायदा वाचलेला नाही, तरी आंधळीला कळतं पाव आले, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवते. कायदा तिने वाचलाय, म्हणजे ऐकलाय. दिव्यांगांच्या हक्कांचा. चाळीस, बेचाळीस, सेहेचाळीस ही कलमं ती पाढ्यासारखी म्हणते. सेवा देणारा सरकारी असो की खाजगी, त्याची वेबसाइट आंधळ्यालाही वापरता आली पाहिजे. नाही आली की ही तक्रार लिहायला बसते.

मी तिच्या मागच्या खोलीत राहते. हिंगोलीकडची. सहावीत शाळा सुटली तेव्हा आई म्हणाली होती, अंगठाबहाद्दर होशील. काजूच्या कारखान्यात कटरखाली उजव्या हाताची चार बोटं गेली, आता खरंच अंगठाच उरलाय. ते कामही गेलं. मग मोपाच्या विमानतळाकडच्या एका कंपनीने दिव्यांगांसाठी जागा काढल्या. सहावी चालत होती, अर्ज मात्र फक्त वेबसाइटवर. हे नाही जमलं तर परत हिंगोली, भावजयीच्या दारात, असला हात घेऊन.

फॉर्म इंग्रजीत. डाव्या हाताने माझ्या दोन ओळी होईपर्यंत वेळ संपायचा आणि सगळं कोरं व्हायचं. बायची बोटं भरभर चालतात. तिने अर्ज शेवटपर्यंत नेला आणि अडली. चित्रातली अक्षरं लिहा, असं होतं तिथे. मोबाइल नुसता म्हणाला, “चित्र.”

मी म्हटलं, मी वाचते की.

“वाचू नको. तू वाचलंस की ते पास झाले. फाल्यां दुसरी आंधळी येतली, तिच्याकडे तू नसशील.”

तिने तक्रार पाठवली. ‘आपली वेबसाइट अंधांना सुलभ नाही.’ खाली सही, सुलभा. मी आठ दिवस देव पाण्यात घालून बसले. मग उत्तर आलं. मोबाइलने ते सपाट आवाजात वाचलं: कळविण्यात येते की, आमच्या कार्यालयात सुलभची सोय असून ती तळमजल्यावर, जिन्याच्या डावीकडे आहे.

बायने ते तीनदा वाचायला लावलं. “मी हक्क मागलो,” ती म्हणाली, “त्यांनी माका संडास दाखयलो.”

मला हसू आलं नाही. अर्जाचा शेवटचा दिवस आला आणि ती दुसऱ्या तक्रारीचा मजकूर जुळवत होती. जिच्या घरात राहते तिला काय सांगणार. कपडे पिशवीत भरायला लागले. पिशवीचा आवाज तिच्या कानावर गेला असणार.

“ये गो चेडवा,” तिने हाक मारली. “अक्षरं वाच. मोठं की बारीक, तेंय सांग.”

अर्ज तिने पुन्हा पहिल्यापासून भरत आणला, मग मी अक्षरं वाचली, तिने टाइप केली. पहिल्यांदा मी एसला पाच म्हटलं. चुकलं. ती ओरडली नाही. दुसऱ्यांदा बरोबर आलं.

शेवटी एक चौकट होती, आणखी काही सांगायचं असल्यास. बायची बोटं पुन्हा धावली आणि मोबाइलने वाचलं: ‘तुमचं सुलभ डावीकडे आहे हे कळलं. तुमची अक्कल कुठल्या मजल्यावर आहे?’

आता कसली नोकरी. मी पिशवी पुन्हा जवळ ओढली.

ती थांबली. माझ्या बाजूला कान केला. मग खोडायला लागली. खोडतानाही मोबाइल एकेक अक्षर मागून पुढे वाचत होता, आणि ती ते सगळं ऐकत होती. चौकट कोरी झाली. अर्ज गेला. ती म्हणाली, चहा ठेव.

मला नोकरी लागली आहे. अजून पक्की नाही. तिने खोडलेलं ते वाक्य मी पाठ करून ठेवलंय. पक्की झाली की त्यांच्या वेबसाइटवर जाऊन त्याच चौकटीत, माझ्या उरलेल्या अंगठ्याने, मी ते पुरं लिहीन, आणि खाली बायचं नाव घालीन.