परातीएवढा शॉवर

वत्सलाचा अंबाडा सुगीपासून डाव्या कानावर कलला होता, आणि त्याला कारण तिचा नवरा रघू होता.

भात झोडता झोडता वत्सलाचा उजवा खांदा जो आखडला, तो हात छातीच्या वर जाईनाच. वेणीफणी कशी करणार? मग रोज सकाळी ओट्यावर रघू फणी घेऊन बसायचा आणि भाताचा भारा आवळावा तसा तिचा अंबाडा आवळायचा. वैशाखरे गावच्या बाया विहिरीवर हसायच्या, "वत्सले, आज भारा कोनी बांधला गो?"

डॉक्टरांनी सांगितलं होतं, "नुसत्या गोळ्यांनी नाही व्हायचं. रोज खांद्यावर गरम पाण्याची धार घ्या. हात हळूहळू वर जाईल. नाहीतर असाच राहील."

"तांब्या वर गेला तर धार घेईन ना!" घरी येऊन वत्सला म्हणाली.

"मी ओतते ना, आई," सून कुणाली म्हणाली.

"सुनंकडून अंग धुवून घ्यायला मी काय बाळंतीण हाय?"

एरवी पहिला तांब्या अंगावर पडला की वत्सलाच्या तोंडून ओवी निघायची. बाहेर ओट्यावर रघूचा चहा त्या ओवीनेच गोड व्हायचा. आता न्हाणीतून नुसता बादलीचा आवाज यायचा. चहात साखर तेवढीच होती, तरी रघू रोज म्हणायचा, "कुणाली, साखर संपली काय गो?"

मुलाने घरावर पाणी तापवायचा सोलर बसवून दिला होता. शॉवर तेवढा राहिला होता. रघू मुरबाडला हरेशच्या नळ-पाइपच्या दुकानात गेला.

"काका, थंड पाण्याची टाकी किती उंच आहे?" हरेशने विचारलं.

"घरावर हाय."

"ते झालं. सोलरपेक्षा किती उंच?"

"शेजारी शेजारी हायत दोघं. भांडनं नायत त्यांची."

"मग हा घ्या. लहान तोंडाचा, मोठ्या भोकांचा. कमी जोरावर चालतो."

रघूने तो शॉवर तळहातावर ठेवून पाहिला. घरच्या लक्ष्मीच्या दुखऱ्या खांद्याला एवढंसं बोंड? त्याची नजर भिंतीवरच्या परातीएवढ्या शॉवरवर गेली. जत्रेत मडकं पारखावं तसं त्याने त्यावर नखाने टणटण वाजवून पाहिलं.

"हा बघ कसा बोलतो! हाच दे."

"काका, त्याला पाण्याचा जोर लागतो."

"जोराचं मी बघतो."

दुसऱ्या दिवशी परात न्हाणीत चढली. वत्सला दार लावून खाली उभी राहिली. रघूने बाहेरून हाक दिली, "आलं काय गो पाणी?"

"आलं!"

"मंग?"

"एक थेंब नाकावर पडला. दुसरा यायचाय."

रघूने फोन लावला. हरेश म्हणाला, "सांगितलं होतं ना, काका. टाकी उंच करावी लागेल, आणि तेव्हा सोलरचा..." पुढचं ऐकायला रघू थांबलाच नाही. उंच करायचं म्हटल्यावर त्याला एकच गोष्ट ठाऊक होती. डुकरांपासून नाचणी राखायला शेतात बांधतात तसा माळा. शेजारच्या शामला हाताशी घेऊन त्याने स्लॅबवर चार दांडगे खांब उभे केले, आडवे बांबू बांधले.

"रघूदादा, डुकरं आता स्लॅबवर येतात काय?" रस्त्यावरून एकाने विचारलं.

"तू आलास तर आलीच समज!" शाम वरून ओरडला.

रिकामी टाकी दोरांनी माळ्यावर चढली, पाइप जोडले, पंप लागला. टाकी भरत गेली, आणि सोलरवर बगळ्यासारखी मान वाकवून उभ्या असलेल्या नळीच्या चोचीतून एकदम पाणी पडू लागलं. वाफाळतं, भळाभळा.

"फुटली!" रघू ओरडला. "शाम, भोकात बोळा कोंब!"

शामने डोक्याचा गमजा सोडला, तेवढ्यात रघूने लावलेल्या फोनवरून हरेश किंचाळला, "बोळा नको! ती नळी म्हणजे सोलरचं नाक आहे, काका. नाक दाबाल तर पोट फुटेल त्याचं! टाकी नळीपेक्षा वर नेली, तर पाणी तिथूनच बाहेर येणार. आधी पंप बंद करा!"

पंप बंद झाला, पण टाकीत चढलेलं पाणी सोलरमधून फिरून वाहतच राहिलं. तापलेलं पाणी स्लॅबवर पसरलं, निवत निवत कडेला गेलं आणि मागच्या पन्हळीतून केळीच्या बुडाशी पडू लागलं. तिथे वत्सला भांडी घासत बसली होती. धार पडली ती नेमकी उजव्या खांद्यावर.

"आई गो!"

रघू स्लॅबच्या कडेला धावला. "भाजलीस काय गो?"

डोळे मिटून, हातात राख लागलेला टोप तसाच धरून वत्सला बसून राहिली होती.

"आई, उठा!" कुणाली दारातून ओरडली.

"थांब गो जरा. आंगाला बरं लागतंय."

नुसती पाण्याची धार बोलत होती. आणि त्या धारेत, हळूच, एक आवाज मिसळला:

"ऊन ऊन पाणी, केळीच्या गो बुडी गेलं,
माझ्या खांद्याचं दुखणं, संगं वाहून नेलं..."

वर रघू तिथेच कडेला बसला. "शाम," तो म्हणाला, "आज चहा नको. गोड झाला."

टाकी पुन्हा खाली आली. माळ्याचे बांबू मात्र फुकट गेले नाहीत. केळीजवळ त्यांचा आडोसा झाला, आणि सोलरच्या गरम पाण्याला एक रुंद नळी जोडून ती पन्हळीच्या जागी सोडली. धारेला ना परात लागली, ना जोर. परात आता कोंबडीच्या पिल्लांच्या टोपल्यावर झाकण म्हणून बसते. वारा जातो, मांजर जात नाही. रघू येता जाता नखाने वाजवतो आणि म्हणतो, "वस्तू चांगलीच आनली होती."

रोज सकाळी केळीआडून ओवी येऊ लागली. हात खांद्यापर्यंत आला, मग कानापर्यंत. होळीच्या सुमाराला एका पहाटे कुणाली पाणी आणायला मागे गेली, तर आडोशाच्या फटीतून तिला दिसलं: सासूबाईंनी दोन्ही हात डोक्यामागे नेले, आणि एका झटक्यात अंबाडा घातला. घट्ट, सरळ, अगदी मधोमध.

कुणाली आनंदाने हाक मारणार होती. पण वत्सलाने इकडेतिकडे पाहिलं, तोच अंबाडा सोडून टाकला आणि फणी घेऊन ओट्यावर रघूपुढे पाठ करून बसली.

"ओ, ऐकलं काय," ती कण्हत म्हणाली, "हात अजून नाय जात वर. बांधा तुमचा भारा."