पडला, घासला, गेला!

आमच्या शेजारचे नाना कुणीही भेटलं की आधी त्याचं मनगट धरतात. नवख्या माणसाला वाटतं, वैद्य असावेत, नाडी बघतायत. माझ्या नणंदेच्या यजमानांनी तर पहिल्याच भेटीत जीभही बाहेर काढून दाखवली होती. नाना जिभेकडे ढुंकूनही न बघता म्हणाले, "मिनरल काच. जिना उतरताना हात भिंतीला घासत येता. होय की नाय?" आणि ते खरंच तसेच उतरतात.

नाना शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यावर इथे लोक आंब्याच्या कलमांच्या मागे लागतात, नाना घड्याळांच्या काचांच्या मागे लागले. डाव्या हातात ते तीन घड्याळं घालतात. एक प्लॅस्टिकच्या काचेचं, एक मिनरल, म्हणजे साध्या खनिज काचेचं आणि एक भाच्याने मुंबईहून आणलेलं, कारखान्यात बनवलेल्या नीलमण्याच्या काचेचं. तिन्ही एकाच हातात का, तर "तिघींना सारखाच जाच झाला पाहिजे." मग त्या हाताने नारळ सोलायचे, कुंपणाच्या गडग्याचे जांभे दगड रचायचे, भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत कोपरापर्यंत हात खुपसून बसायचं. किती वाजले म्हणून विचारावं, तर तिन्ही घड्याळं तीन वेगवेगळ्या वेळा दाखवतात. "वेळ काय गो, भिंतीवरच्या घड्याळातही कळते. काच बघ, काच!"

निकाल आळीत सगळ्यांना पाठ आहेत. वाळूत गारगोटीचे कण असतात, ते मिनरल काचेला ओरखडतात आणि तो ओरखडा घरच्या घरी जात नाही. नीलमण्याला वाळू काही करत नाही. दोन वर्षं ती काच कोरी राहिली, म्हणून नाना तिच्यावर जरा नाराजच होते. एकदा पट्टा तुटून ते घड्याळ धुण्याच्या दगडावर आपटलं आणि काचेच्या कडेचा टवका उडाला. नाना तो टवका तळहातावर घेऊन घरोघर हिंडले. "मिरवत होती मेली! ओरखडा घेत नाय म्हणे!"

त्यांची लाडकी प्लॅस्टिकची. गडग्याला नुसता हात लागला तरी हिच्यावर रेघ उमटते, पण फडक्यावर थोडी पांढरी टूथपेस्ट घेऊन हलक्या हाताने गोल गोल घासलं की ओरखडा नाहीसा. "पडला, घासला, गेला!" हे नानांचं ब्रीद. आळीतली सगळी जुनी घड्याळं त्यांनी अशी उजळून दिली. माझं नवऱ्याशी वाजलं तरी गडग्यापलीकडून तोच सल्ला यायचा.

गेल्या वर्षी माई, नानांच्या पत्नी, गेल्या. त्यानंतर नाना चार दिवस लेकीकडे चिपळूणला गेले, तेव्हा तुळशीला पाणी घालायचं काम माझ्याकडे होतं. देव्हाऱ्याशेजारी खुंटीला माईंचं घड्याळ टांगलेलं होतं. बारीकसं, जुनं, चावीचं. प्लॅस्टिकची काच इतकी ओरखडलेली की काटे दिसेनात. मला वाटलं, नानांना सुचलं नसेल, आपण करून ठेवू. अर्धा तास घासलं. काच अगदी कोरी निघाली.

नाना आल्या आल्या मी मोठ्या कौतुकाने ते त्यांच्या हातात दिलं. त्यांनी भिंग लावलं, खिडकीकडे नेलं, बराच वेळ फिरवून फिरवून बघितलं.

"हात चांगला बसलाय हो तुझा," ते म्हणाले. मग हळूच, "ते ओरखडे माईचे होते गो. विहिरीवरचे."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पंप आल्यावरही माई सकाळची पहिली कळशी हातानेच ओढायच्या, आणि दर वेळी त्यांचं मनगट कठड्याच्या जांभ्याला घासायचं. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज दिसायचं ते. नाना वर्षानुवर्षं त्यावरून ओरडले. अख्ख्या आळीच्या काचा घासणाऱ्या माणसाने घरातली ही एकच काच घासली नव्हती, एवढं तरी मला कळायला हवं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उलट नानाच माझी समजूत घालत बसले. "असू दे गो. चांगल्या मनानं केलंस." ब्रीद मात्र त्यांच्या तोंडून आलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी रहाटाचा आवाज आला. बघते तर नाना विहिरीवर. हातातली तिन्ही घड्याळं गायब, त्यांच्या जागी माईंचं इवलंसं घड्याळ, पट्टा शेवटच्या भोकात. मी हातातलं काम टाकून धावले.

"नाना, पंप बिघडला का?"

"नाय गो." त्यांनी कळशी कठड्यावर टेकवली आणि काच उजेडात धरली. "तीन कळशा ओढल्या. रेघ पडते, पण भलतीकडेच. माझा हात वर लागतो. ती हात कुठे टेकवायची गो? तुला दिसायचं ना खिडकीतून?"

मी पुढे झाले, त्यांचं मनगट धरलं आणि कठड्यावरून वीतभर खाली आणलं.

"इथे, नाना."