श्रावणरावांनी लावलेलं भांडण

श्रावणराव ढोल्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच आपण होऊन एक भांडं घासलं, आणि त्या एका भांड्यापायी दिग्रस ते पुसद एवढ्या टापूतली शांतता धोक्यात आली. भांडं म्हणजे साधा स्टीलचा डबा. झाकणावर त्यांच्या मेहुणीचं, ममताचं, नाव कोरलेलं. त्यातून पुसदहून गव्हाच्या पिठाचे सरगुंडे आले होते, ते आमरसात बुडवून खाऊन झाले होते, आणि डबा ओट्यावर पडून होता. कौसल्याबाई शेजारच्या गल्लीत कुणाच्या तरी मुंगवड्या घालायला गेल्या होत्या. नेमका तेव्हा हिरासिंग राठोड फाटकाशी येऊन उभा राहिला.

हिरासिंग समोरच्याच घरातला. नोकरी पुसदला, रोजचं बसने जाणं-येणं, आणि ममताचं घर त्याच्या ऑफिसच्या मागच्या गल्लीत. त्यामुळे दोघी बहिणींची सगळी देवाणघेवाण त्याच्या पिशवीतून चाले. ममताताईंनी डबा मागितला आहे आणि बस लागली आहे, एवढंच तो म्हणाला. श्रावणरावांच्या हातात त्या वेळी सकाळपासून धरून ठेवलेलं एक वाक्य होतं, ते निसटायच्या आत त्यांना खुर्चीवर परतायचं होतं. त्यांनी डबा घासला, धोतराने (धोतर धुतलेलं होतं) पुसला आणि हिरासिंगच्या हवाली केला. आपण संसाराला हातभार लावला, अशा आनंदात ते परत लिहायला बसले.

संध्याकाळी कौसल्याबाईंनी डब्याचं विचारलं. पण लिहिताना श्रावणराव कुठल्याही प्रश्नाला 'हव' एवढंच उत्तर देत. डबा पाह्यला का, हव. कुणाले देल्ला का, हव. गॅस बंद केला का, हव. (गॅस चालू होता.) कौसल्याबाईंनी आधी गॅस बंद केला, आणि डब्याचा विषय तिथेच राहिला.

आता ते लिहीत काय होते, ते सांगायला हवं. श्रावणराव जिनिंगच्या वजनकाट्यावर बसत. कापसाचा हंगाम संपला की काटा थांबे, आणि नवा कापूस येईपर्यंत ते कादंबरीकार असत. तीन कादंबऱ्या छापून आल्या होत्या आणि तिन्हींत पुरुषच पुरुष होते. यवतमाळच्या प्रकाशकाने मागच्या खेपेला तोंडावर सांगितलं की तुमच्या बाया ग्रामसभेचा ठराव वाचल्यासारख्या बोलतात. ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं. म्हणून चौथ्या कादंबरीत त्यांनी मुद्दाम दोन सख्ख्या बहिणी घेतल्या. (स्वतःला एकही बहीण नाही. भाऊ मात्र भरपूर.) या बहिणींमध्ये वितुष्ट यावं अशी योजना होती. पण ते काही केल्या येईना. श्रावणरावांनी एकीला जमीन दिली, दुसरीला कोर्टात पाठवलं, मध्ये पूर आणला, एकीचा नवरासुद्धा मारून पाहिला. तरी त्या दोघी पानापानावर एकमेकींशी अशा बोलत, जशा सत्काराच्या कार्यक्रमात बोलतात.

आणि अशात त्यांच्याच घरात भांडण लागलं.

पहिल्या दिवशी कळलं ते एवढंच, की सकाळचा फोन आला नाही. ममता आणि कौसल्याबाई रोज सकाळी फोनवर बोलत. त्यात भाजी काय केली इथपासून सुरुवात होई आणि शेवट कधी कुणी ऐकलेला नव्हता. त्या सकाळी फोन वाजला नाही. कौसल्याबाईंनीही लावला नाही. त्या पोळ्या लाटत राहिल्या, आणि पोळपाटाचा आवाज रोजच्यापेक्षा जरा जास्त येत होता. ममताच्या मुलीचा, सुरभीचा, साखरपुडा येत्या रविवारी होता. पोरीचं जमलं ते मावशीला आधी न विचारता जमलं, ही सल कौसल्याबाईंच्या मनात होतीच. श्रावणरावांनी हळूच विचारलं, फोन काहून नाही आला.

"तिले काम असन," कौसल्याबाई म्हणाल्या. "मोठ्या घरी सोयरीक झाली आता."

श्रावणराव थक्क झाले. एवढ्या दोन वाक्यांत किती काय होतं. त्यांच्या कादंबरीतल्या थोरलीने हेच सांगायला साडेतीन पानं घेतली होती आणि तरी ते नीट पोचलं नव्हतं. ते उठून आत गेले आणि थोरलीची पानं काढून टाकून तिथे ही दोन वाक्यं घातली. सातवं प्रकरण हललं. महिनाभर अडलेली बैलगाडी एकदम चालू लागावी तसं ते चालू लागलं. कौसल्याबाई बोलत नव्हत्या तेव्हा श्रावणराव त्यांचं न बोलणं लिहून घेत. चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जाऊन बायकोच्या तोंडाकडे बघत, आणि परत येऊन लिहीत. आपल्या घरात एवढं साहित्य पडून होतं आणि आपण पूर आणत बसलो, याचं त्यांना नवल वाटत होतं.

हे सुख हिरासिंगने घालवलं. फाटकाशी गाठून त्याने हळू आवाजात विचारलं, "भाऊ, डबा रिकामा देल्ला होता का तुमी?"

श्रावणराव म्हणाले, रिकामा कसा, चांगला घासून देल्ला.

"ताईनं झाकन उघडलं, आत पाह्यलं, अन् काहीच नाही बोलल्या," हिरासिंग म्हणाला. "मले पानीबी नाही विचारलं."

श्रावणराव फाटकाचा गज धरून उभे राहिले. रिकामं भांडं परत पाठवायचं नसतं, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, पण पुस्तकातली माहिती असते तसं. आता एकेक आठवायला लागलं. त्यांच्या लग्नापासून डबे या दोन गावांत फिरत होते, आणि एकही कधी मोकळा गेला नव्हता. मुंगवड्या गेल्या तर लोणचं आलं, लोणचं आलं तर शेवया गेल्या. कौसल्याबाई तापाने फणफणलेल्या असताना घरात काहीच केलेलं नव्हतं, तेव्हा त्यांनी अंथरुणावरून उठून डब्यात चिमूटभर साखर टाकली होती. मुंग्या लागतील म्हणून श्रावणराव तेव्हा रागावले होते. इतक्या वर्षांचं एवढं मोठं काम त्यांच्या नाकासमोरून जात होतं, आणि त्यांना त्यात फक्त खायचं काय आहे तेवढंच दिसलं. फाटकापाशी उभ्या उभ्या त्यांचा ऊर भरून आला. जी गोष्ट जमिनीने, कोर्टाने आणि पुराने झाली नाही, ती त्यांनी एका डब्याने करून दाखवली होती. लेखक म्हणून त्यांना जरा अभिमान वाटला. नवरा म्हणून त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे एकदा चोरून पाहिलं.

सरळ आत जाऊन सांगायला पाहिजे होतं. पण सांगितलं की भांडण मिटणार, आणि भांडण मिटलं की सातवं प्रकरण पुन्हा अडणार. एवढं प्रकरण होऊ दे, मग सांगू, असं श्रावणरावांनी ठरवलं. मन मात्र खाऊ लागलं. म्हणून ते सकाळी नळाचं पाणी भरू लागले. भाजी आणू लागले. दुपारचा चहा स्वतः करून बायकोला नेऊन देऊ लागले. एक दिवस तर त्यांनी पंख्याची पाती पुसली. कौसल्याबाई नुसत्या बघत राहिल्या, आणि त्या बघण्यावर श्रावणरावांनी एक पान लिहिलं.

साखरपुडा जवळ आला तशी मात्र त्यांची झोप उडाली. पोरीच्या साखरपुड्याला सख्खी मावशी नसली तर ते जन्मभर राहणार. कादंबरीतली बहीण न गेली तर वाचक हळहळतो आणि पान उलटतो. इथे पान उलटायची सोय नव्हती. शेवटी त्यांनी लेखकाला शोभेल असा मार्ग काढला. बायको देवळात गेली असताना कपाटातला दुसरा एक डबा घेतला, चौकातल्या हॉटेलातून बेसनाचे लाडू आणून त्यात रचले, आणि कौसल्याताईने पाठवले म्हणून सांग, असं हिरासिंगला बजावलं. हिरासिंगने एकदा डब्याकडे आणि एकदा श्रावणरावांकडे बघितलं. मग डबा पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी डबा परत आला. कौसल्याबाईंनी श्रावणरावांच्या समोरच झाकण उघडलं. आत तेच लाडू होते, रचलेले तसेच, एकही न उचललेला. त्यांनी लाडवांकडे पाहिलं, डबा हळूच खाली ठेवला, भिंतीला टेकून बसल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

"आता आपलं धाडलेलं तिच्या घरात चालत नाही," त्या म्हणाल्या. "माय होती तवा अशी नव्हती ते."

इतक्या वर्षांत श्रावणरावांनी बायकोला असं रडताना पाहिलं नव्हतं. त्यांना जवळ बसावंसं वाटलं, सगळं कबूल करावंसं वाटलं, आणि त्याच वेळी त्यांचा हात खिशातला पेन चाचपत होता. त्याची त्यांना मनापासून लाज वाटली. पण पेन त्यांनी काढला. त्या दुपारी जे लिहून झालं, तसं त्यांच्या हातून आजवर उतरलं नव्हतं. लिहिताना त्यांचेच डोळे भरून येत होते. दोन बहिणींमधलं हे जे काही असतं, ते केवढं जुनं आणि केवढं खोल असतं, आणि आपण त्याच्या काठाशी उभे आहोत, असं वाटून ते खुर्चीत नुसते बसून राहिले.

रविवारी सकाळी ते उठले तेव्हा कौसल्याबाई ठेवणीतली हिरवी साडी नेसून तयार होत्या. पिशवी दाराशी भरलेली होती.

श्रावणरावांनी चाचरत विचारलं, बोलावणं आलं का.

"माह्या बहिणीच्या घरी जायले मले बोलावणं लागते का? भांडण माह्यं ममताशी हाये. सुरभीनं माह्यं काय घेतलं?"

पुसदच्या बसमध्ये श्रावणरावांना भीती एकच होती. दारात ममता तोंड फिरवणार, चार माणसांत बायकोचा अपमान होणार, आणि तो त्यांच्यामुळे होणार. बस आर्णीच्या नाही तर पुसदच्याच रस्त्याने चालली आहे ना, हे ते सारखे खिडकीतून पाहत होते. चुकून दुसरीकडे गेली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

दारात मांडव होता. ममता बाहेरच उभी होती, हातात वरणाचा डाव. तिने बहिणीला पाहिलं. श्रावणराव मांडवाच्या खांबाआड सरकले. कादंबरीत या भेटीसाठी त्यांनी आख्खं प्रकरण राखून ठेवलं होतं, त्यात पाऊसही होता.

"एवढ्या उशिरा येते का, ताई?" ममता म्हणाली. "वरणात मीठ पाय बरं, मले तर चवच समजून नाही राह्यली आज."

कौसल्याबाईंनी डाव घेतला, पदर खोचला आणि त्या आत गेल्या. संपलं. श्रावणराव मांडवात एकटेच उभे राहिले. त्यांना हे बघवलंही नाही आणि सहनही झालं नाही. मनात एवढं साठवून या बाया मीठ बघतात, केवढं हे मोठेपण, असं त्यांना झालं. ते तडक स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि सगळं ओकून मोकळे झाले. डबा मी घासला. रिकामा मीच दिला. लाडूबी माह्येच. तुमी दोघी एकमेकींवर रागावू नका, जे काय बोलायचं ते मले बोला.

दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. ममताने वळून गॅस बारीक केला.

"ते तर लाडू पाह्यल्याबरोबरच समजलं, भाऊजी," ती म्हणाली. "ताई मरून जाईन, पन विकतचा लाडू मले नाही धाडनार. मी तवाच फोन लावला तिले."

श्रावणरावांना आधी नीट कळलंच नाही. मग कळलं, आणि त्यांनी दाराची चौकट धरली. म्हणजे पहिले काही दिवस दोघी खरोखर रुसल्या होत्या. लाडू पोचले त्याच दुपारी सगळं मिटलं होतं.

"मंग ते लाडू वापस काहून आले?" त्यांनी विचारलं.

"मीच धाडाले सांगतलं," कौसल्याबाई वरण ढवळत म्हणाल्या.

"अन् तू रडली ते?"

कौसल्याबाई जराशा लाजल्या. "तुमी घडीघडी येऊन माह्या तोंडाकडे पाहून राह्यले होते. मले वाटलं, लागत असन कादंबरीले. इतक्या वर्षांत माह्याकडून तुमच्या लिखानाले कधी काही झालं नाही. अन् पानीबी भरून राह्यले होते तुमी. म्हटलं, चालू द्या अजून चार दिवस."

ज्या पानांवर श्रावणराव स्वतः रडले होते, ती पानं या बाईने त्यांना भिंतीला टेकून रचून दिली होती, आणि वर संध्याकाळी भाकरीही केली होती. राग यायला हवा होता. आला नाही. उलट देवळाच्या पायरीशी चप्पल काढावी तसं काहीतरी त्यांना वाटलं. मोठा माणूस समोर असला की जे वाटतं तेच. पण लेखकाची खोड जात नाही. शेवटचं प्रकरण अजून लिहायचं होतं.

"त्या दिवशी फोनवर तुमी बोलल्या काय?" त्यांनी विचारलं. "मेळ कसा झाला ते मले पाह्यजे."

"मेळ तर दोन वाक्यात झाला," ममता म्हणाली. "बाकी सारं तुमच्याबद्दलच चाललं होतं. लय वेळ चाललं."

"माह्याबद्दल काय?"

"ते छापता नाही येत," कौसल्याबाई म्हणाल्या, आणि दोघी तोंडाला पदर लावून हसू लागल्या, अगदी पोरींसारख्या.

दिग्रसला परतल्यावर श्रावणरावांनी पूर काढून टाकला. कोर्ट काढलं, जमीन काढली. मेलेल्या नवऱ्याला जिवंत केलं आणि थोरलीच्या घरात नेऊन बसवलं. भला माणूस, पण अंमळ बावळट, स्वतःला फार कळतं असं समजणारा. बहिणी फोनवर त्याला नावं ठेवू लागल्या, आणि काय आश्चर्य, ठेवता ठेवता आपोआप एक झाल्या. कादंबरी पूर्ण झाली. कौसल्याबाईंनी नवऱ्याचं लिखाण आजवर कधी वाचलं नव्हतं. या वेळी त्यांनी चष्मा लावला आणि दोन दुपारी बसून सगळं वाचून काढलं. श्रावणराव समोर जीव मुठीत धरून बसले होते.

कौसल्याबाईंनी चष्मा काढून पुसला. "बहिणी ठीकच हायेत," त्या म्हणाल्या. "पन हा नवरा लय खरा उतरला बाप्पा. कुठं भेटला हा मानूस तुमाले?"

त्यांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नव्हती. आता ही खरंच विचारते की पुन्हा कादंबरीला मदत करते, हे काही श्रावणरावांना कळेना. ते उठले आणि पाणी भरायला गेले.